सायबर सुरक्षेची पदवी: परीक्षा नेमकी कशाची?

माइक ओब्रायन नावाचा ग्राहक ऑनलाइन खरेदीच्या एका संकेतस्थळावर नवं खातं उघडतो. नाव, आडनाव, पत्ता, पासवर्ड भरतो आणि बटण दाबतो. लगेच कंपनीच्या सुरक्षा अभियंत्याला लॉगमध्ये एक नोंद दिसते: माहिती भरून घेताना डेटाबेसमध्ये त्रुटी आली. या नोंदीवरून अभियंत्याने काय ताडावं?

सर्व्हर बंद पडला असेल, असं एखादा विद्यार्थी म्हणेल. दुसरा म्हणेल, माइकने हल्ला केला. तिसरा पासवर्डकडे बोट दाखवेल. गोम मात्र आडनावात आहे. रोमन लिपीत ओब्रायन लिहिताना ‘ओ’नंतर ॲपॉस्ट्रॉफी येते, आणि डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत तेच चिन्ह ‘मजकूर इथे संपला’ असं सांगतं. ग्राहकाने भरलेला मजकूर न तपासता जसाच्या तसा एसक्यूएलच्या आज्ञेत चिकटवला जात असेल, तर डेटाबेस ‘ओ’पाशी थांबतो, ‘ब्रायन’ हा आज्ञेचाच भाग समजून वाचू लागतो आणि अडखळतो. माइक निर्दोष आहे. पण त्याच रकान्यात उद्या कुणी मुद्दाम आज्ञा लिहिली, तर डेटाबेस ती पाळण्याची दाट शक्यता आहे. वसईतल्या किंवा गोव्यातल्या डिसोझा, डिमेलो, डिकॉस्टा कुटुंबांची आडनावं रोमन लिपीत अनेकदा हेच चिन्ह घेऊन येतात, त्यामुळे हा प्रश्न आपल्या वर्गात मांडायला परदेशी ग्राहक लागतही नाही.

नेहमीच्या प्रश्नपत्रिकेत हाच विषय वेगळ्या रूपात येतो: एसक्यूएल इंजेक्शन म्हणजे काय ते उदाहरणासह स्पष्ट करा. व्याख्या, आकृती आणि उपायांचे चार मुद्दे लिहून विद्यार्थी पूर्ण गुण मिळवू शकतो आणि तरीही माइकच्या आडनावापाशी अडकू शकतो. त्याने अभ्यास केलेला असतो. प्रश्नाने त्याच्याकडून फक्त आठवण मागितलेली असते.

सायबर सुरक्षेच्या पदवीत विद्यार्थी खरोखर काय शिकला हे कसं ओळखायचं, हा विषय त्यामुळे परीक्षा विभागाच्या कामकाजापुरता उरत नाही. महाराष्ट्रात अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप फेऱ्यांमध्ये गेल्या काही वर्षांत सायबर सिक्युरिटीचं नाव असलेल्या शाखा दिसू लागल्या आहेत. गोव्यात फोंड्याला राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं आवार आहे. मुलाचं किंवा मुलीचं नाव अशा शाखेत घालणारे पालक आणि तिथून पास झालेल्यांना कामावर घेणाऱ्या बँका, दोघांनाही एकच गोष्ट हवी असते: इथून बाहेर पडणाऱ्याला काय येतं, याचं खरं उत्तर.

ते देणं इतर शाखांपेक्षा इथे अवघड आहे. पुलावर वारा आदळतो, पण पूल पाडायचाच म्हणून तो रात्रभर डोकं लढवत नाही. सायबर सुरक्षेत समोर विचार करणारा माणूस असतो. आज शिकवलेला बचाव उद्या कसा चुकवायचा यावर तो काम करत असतो. साधनं बदलतात, हल्ल्यांची नावं बदलतात. टिकणारी गोष्ट एकच, ती म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या जागी उभं राहून विचार करण्याची सवय. तीच तपासायची असेल, तर प्रश्न घडवण्यापासून सुरुवात करावी लागते.

तशी सुरुवात अमेरिकेत झाली. बाल्टिमोरजवळचं यूएमबीसी हे विद्यापीठ आणि इलिनॉय विद्यापीठ इथल्या प्राध्यापकांनी ‘कॅट्स’ या संक्षिप्त नावाचा प्रकल्प हाती घेतला. ॲलन शर्मन आणि जेफ्री हर्मन ही त्यातली ठळक नावं. प्रेरणा भौतिकशास्त्राची होती. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बल या संकल्पनेवर एक चाचणी प्रसिद्ध केली होती. तिच्यात आकडेमोड नव्हती. चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या खऱ्याखुऱ्या गैरसमजांतून उचललेले होते. हार्वर्डचे एरिक मझुर यांनी ती आपल्या वर्गाला दिली, तेव्हा लांबलचक गणितं सोडवणारी मुलं साध्या प्रश्नांवर चुकताना दिसली. त्यानंतर मझुर यांनी शिकवण्याची पद्धतच बदलली.

कॅट्सच्या मंडळींनी सायबर सुरक्षेसाठी तशी चाचणी करायचं ठरवलं. आधी तज्ज्ञांना विचारलं: या विषयात सगळ्यात महत्त्वाचं आणि तरी शिकायला अवघड असं काय आहे? २०१४ पासून फेऱ्याफेऱ्यांनी मतं घेत त्यांनी पाच गोष्टी निवडल्या. कच्चे दुवे ओळखणं, हल्ले ओळखणं, बचाव आखणं, सुरक्षेची उद्दिष्टं ठरवणं आणि लक्ष्य कोण नि हल्लेखोर कोण हे हेरणं. यात एकाही सॉफ्टवेअरचं नाव नाही, आणि ते मुद्दाम टाळलेलं आहे. कुठलं टूल चालवता येतं यापेक्षा समोरच्या परिस्थितीत धोका कुठे दडला आहे हे दिसतं का, इकडे त्यांचं लक्ष होतं.

त्यानंतर त्यांनी तीन संस्थांमधल्या २६ विद्यार्थ्यांना एकेक प्रसंग देऊन मोठ्याने विचार करायला लावला आणि ते बोलणं टिपून घेतलं. एक प्रसंग असा: बॉबची वरिष्ठ ॲलिस नव्या उत्पादनाच्या सादरीकरणासाठी परदेशी गेली आहे. बॉबला ईमेल येतो की विमान कंपनीने सामान हरवलं, तांत्रिक तपशील पाठवून दे, खाली ॲलिसचं नाव. बॉबने काय करावं? फाइल एन्क्रिप्ट करून पाठवावी, हे उत्तर पटकन सुचतं आणि ऐकायलाही जाणकाराचं वाटतं. पण ईमेल ॲलिसनेच पाठवला आहे का, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नसतो. चोराच्या हाती कुलूपबंद पेटी किल्लीसकट दिली जाते.

एन्क्रिप्शन केलं म्हणजे सगळं झालं, ही समजूत फार चिवट आहे. तिच्यावर प्रश्न कसा काढता येतो ते जवळून बघण्यासारखं आहे. समजा, बँकेच्या एका संदेशात रक्कम १००० आहे आणि तो संदेश प्रवाही पद्धतीच्या सायफरने एन्क्रिप्ट केला आहे. म्हणजे मूळ मजकुराच्या प्रत्येक बिटाशी किल्लीतून निघालेला एक बिट मिसळला आहे. हल्लेखोराकडे किल्ली नाही, पण रक्कम संदेशात कितव्या जागी आहे हे त्याला ठाऊक आहे. संगणकात १ या अंकाचा आस्की संकेत आणि ९ या अंकाचा संकेत यांत फक्त एका बिटाचा फरक असतो. एन्क्रिप्ट केलेल्या संदेशातला नेमका तो बिट उलटवला, की पलीकडे डिक्रिप्ट करणाऱ्याला ९००० दिसतात. संदेश कुणी वाचलेला नाही, गुप्तता शाबूत आहे आणि पैसे मात्र नऊपट झाले. संदेशासोबत त्याची सत्यता पडताळणारा संकेत जोडला नसेल, तर फेरफार लक्षातही येत नाही.

हा प्रश्न सहा ओळींत मावतो, सोडवायला संगणक लागत नाही. ज्याला गुप्तता आणि अखंडता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे उमगलं आहे, तो दहा मिनिटांत उत्तर लिहितो. ज्याने दोन्ही व्याख्या फक्त पाठ केल्या आहेत, तो ‘एन्क्रिप्शनमुळे संदेश सुरक्षित आहे’ असं लिहून पुढे जातो. परीक्षकाला त्याच्या मनातला गोंधळ एका वाक्यात कळतो.

असे प्रश्न चुटकीसरशी तयार होत नाहीत. २०१८ मध्ये कॅट्सने १७ शिक्षक आणि व्यावसायिकांना दोन दिवस एकत्र बसवलं ते प्रश्न लिहिण्यासाठी आणि एकमेकांचे प्रश्न तपासण्यासाठी. अखेर २५ प्रश्नांची संकल्पना चाचणी उभी राहिली, आणि तिची सुधारित आवृत्ती २९ संस्थांमधल्या ३५४ विद्यार्थ्यांवर पारखली गेली. वर्षानुवर्षांच्या कामातून २५ प्रश्न. आपल्याकडे विद्यापीठाची प्रश्नपत्रिका काढणाऱ्या प्राध्यापकाला किती वेळ मिळतो आणि त्या कामाला किती प्रतिष्ठा मिळते, हे ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना हा आकडा विचार करायला लावेल.

लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिकाचा विचार करावा लागतो. सायबर सुरक्षेच्या प्रयोगशाळेत सामग्रीची ददात नाही. काली लिनक्स फुकट आहे, वायरशार्क फुकट आहे. सिरॅक्यूज विद्यापीठाचे वेनलियांग डू यांनी २००२ पासून उभे केलेले ‘सीड लॅब्ज’चे प्रयोग कुठलंही महाविद्यालय वापरू शकतं. अडचण जर्नलमध्ये आहे. प्रयोगाचा उद्देश, पायऱ्या, स्क्रीनशॉट, निष्कर्ष असं सगळं सबमिशनच्या आठवड्यात एका वहीतून दुसऱ्या वहीत जातं, आणि टर्मवर्कचे गुण त्यावर पडतात. स्क्रीनशॉट एवढंच सांगतो की कुणाच्या तरी संगणकावर ती आज्ञा चालली. प्रत्येक विद्यार्थ्याला थोडं वेगळं यंत्र, वेगळा पासवर्ड, वेगळी दडवलेली खूण दिली, तर ही नक्कल बरीचशी थांबते. सायबर सुरक्षेच्या स्पर्धांमध्ये हे तंत्र केव्हाच रुळलं आहे. टर्मवर्कलाही ते लागू करायला काहीच हरकत नाही.

पण महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांकडे याहून मोलाची गोष्ट आधीपासून आहे, ती म्हणजे ओरल. बाहेरचा परीक्षक समोर बसतो, विद्यार्थ्याची फाइल उघडतो आणि विचारतो. कॅट्सच्या संशोधकांनी २६ विद्यार्थ्यांकडून खटपटीने जे मिळवलं, तोंडाने मांडलेला विचार, ते इथे दर सत्रात प्रत्येक विद्यार्थ्यासमोर बसून मिळू शकतं. अडतं ते वेळेपाशी. एका दिवसात अख्खी बॅच उरकायची असली, की ओरल ‘फायरवॉल म्हणजे काय’, ‘पोर्ट नंबर सांगा’ इथपर्यंत येऊन थांबते. त्याऐवजी विद्यार्थ्याच्याच जर्नलमधला एक स्क्रीनशॉट पुढे ठेवून ‘ही ओळ आली नसती तर काय समजला असतास?’ एवढं विचारलं, तर पाच मिनिटांत पुष्कळ उलगडतं. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून तर घरी लिहून आणलेल्या कुठल्याही अहवालावर ओरलशिवाय गुण देणं धाडसाचं झालं आहे. ओरल हा जुन्या पद्धतीचा उरलेला अवशेष मानून गुंडाळू पाहणाऱ्यांनी निदान या शाखेपुरता तरी फेरविचार करावा.

दुसऱ्या टोकाला कागद आहेत. २०१४ मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्या परस्पर मान्य करणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला आणि राष्ट्रीय मान्यता मंडळाच्या, म्हणजे एनबीएच्या, मान्यतेसाठी निष्पत्तीवर आधारित शिक्षण हा आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचा रोजचा विषय झाला. प्रत्येक विषयाच्या निष्पत्ती, म्हणजे सीओ, पदवीच्या निष्पत्तींशी, म्हणजे पीओशी, १, २, ३ अशा अंकांनी जोडायच्या आणि वर्षअखेरीस अटेनमेंट काढायची. यामागचा विचार चांगलाच आहे. शिक्षकाने काय शिकवलं यावर समाधान न मानता विद्यार्थ्याला काय आलं हे दाखवा, असं ही पद्धत सांगते. पण एक्सेलच्या तक्त्यात अटेनमेंट २.३ आली की २.४ करायची धडपड सुरू होते, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांना गुप्तता आणि सत्यता यांतला फरक कळलेला नाही ही गोष्ट त्या आकड्याच्या आड राहून जाते. सरासरीला गैरसमज दिसत नाही. तो उत्तरपत्रिकेत दिसतो.

अमेरिकेतही मान्यतेचा हा प्रवास फार जुना नाही. एसीएम, आयईईई कॉम्प्युटर सोसायटी आणि इतर दोन संघटनांनी मिळून २०१७ च्या अखेरीस सायबर सुरक्षेच्या पदवी अभ्यासक्रमाची मार्गदर्शिका काढली. तिच्या आठ ज्ञानशाखांपैकी तीन माणूस, संस्था आणि समाज यांच्याशी निगडित आहेत. २०१८ मध्ये अबेट या संस्थेने या विषयाच्या पहिल्या चार पदव्यांना मान्यता दिली. त्यांत हवाई दल आणि नौदलाच्या प्रबोधिनी होत्या, टाउसन विद्यापीठ होतं आणि साउथईस्ट मिसुरी स्टेट विद्यापीठ होतं. अबेटच्या यादीत सायबर सुरक्षेसाठी वेगळी घातलेली एक निष्पत्ती फार नेमकी आहे: जोखीम आणि धोके समोर असतानाही कामकाज चालू ठेवता यावं. कामकाज चालू ठेवणं, यावर तिचा भर आहे. सगळं बंद करून सुरक्षित राहता येतं, पण बँकेला, रुग्णालयाला किंवा वीज मंडळाला त्याचा उपयोग नाही.

ही निष्पत्ती तीन तासांच्या पेपरात कशी तपासणार? एक वाट २००५ मध्ये टेक्सासच्या सॅन अँटोनियो शहरात सुरू झालेल्या राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन सायबर बचाव स्पर्धेने दाखवली. आठ विद्यार्थ्यांच्या चमूकडे एका काल्पनिक कंपनीचं चालू जाळं सोपवलं जातं. ते त्यांनी उभारलेलं नसतं. त्यात जुनी यंत्रं असतात, सोडून गेलेल्यांची खाती असतात, कुठे काय चाललंय याचा नीट कागद नसतो. बाहेरून अनुभवी व्यावसायिकांचा चमू हल्ला करत असतो. ईमेल, संकेतस्थळ, डेटाबेस चालू आहेत का यावर गुण मिळत राहतात. आणि याच गडबडीत व्यवस्थापनाकडून कामं येतात: नव्या कर्मचाऱ्यांची खाती उघडा, धोरणाचा मसुदा द्या, घडल्या प्रकाराचा अहवाल संचालकांना समजेल अशा भाषेत लिहा. हल्लेखोराला रोखणारा पण अहवाल न लिहिणारा चमू मागे पडतो. प्रत्येक महाविद्यालयाला एवढा पसारा मांडता येणार नाही, हे खरं. पण मोडकं जाळं सुपूर्द करणं आणि वेळेच्या ताणात अहवाल लिहायला लावणं, या दोन गोष्टी एका प्रयोगशाळेत आणि एका दिवसात बसतात.

त्यासाठी विषय शोधायला दूर जायला नको. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ११ तारखेला, शनिवारी, नकली कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. व्यवहाराला मंजुरी देणाऱ्या बँकेच्या प्रणालीपर्यंत विचारणा पोहोचतच नव्हती, मधे बसवलेली बनावट प्रणाली परस्पर होकार देत होती. मग १३ तारखेला, सोमवारी, स्विफ्ट या आंतरबँक संदेश प्रणालीमार्फत १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. दोन घटनांमध्ये एक रविवार गेला.

हा प्रसंग तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर कसा ठेवता येईल? घडलं ते सांगून कारणं लिहायला लावली, तर पुन्हा आठवणीचीच परीक्षा होईल. त्याऐवजी शनिवारच्या दुपारचे, बेतलेले आणि अर्धवट लॉग द्यावेत. मंजुऱ्या बाहेर जात आहेत, पण खात्यांच्या मुख्य प्रणालीत त्यांच्या नोंदी नाहीत, एवढंच त्यांत दिसावं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. विद्यार्थ्याने तोच अहवाल लिहायचा. काय नक्की माहीत आहे, काय अंदाज आहे, लगेच काय थांबवायचं, काय चालू ठेवायचं, स्विफ्टवर सोमवारी कुणी बसावं. या उत्तरपत्रिकेत ‘खात्रीने माहीत’ आणि ‘आमचा तर्क’ हे दोन भाग वेगळे ठेवणारा विद्यार्थी उद्या कामाचा ठरेल. तपासणाऱ्यानेही त्याला सर्वांत जास्त गुण तिथेच द्यायला हवेत.

उरतो नीतीचा भाग, आणि तो बहुतेक ठिकाणी एका युनिटच्या शेवटच्या प्रश्नावर आटोपला जातो. या विषयाचा इतिहास मात्र तिथूनच सुरू होतो. नोव्हेंबर १९८८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेल्या वर्मने तेव्हाच्या इंटरनेटवरची हजारो यंत्रं ठप्प केली. त्याला शिक्षा झाली, आणि पुढे तो एमआयटीत प्राध्यापकही झाला. अलीकडचं उदाहरण २०२१ चं आहे. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्स कर्नेलच्या देखभाल करणाऱ्यांना न सांगता, प्रयोग म्हणून सदोष पॅच पाठवले होते. तो वाद चिघळला, कर्नेलच्या विकासात त्या विद्यापीठाच्या योगदानावर बंदी आली आणि शोधनिबंध मागे घ्यावा लागला. दोन्ही प्रकरणांत माणसं हुशार होती. कमी पडली ती परवानगी कुणाची घ्यायची याची जाण.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरण्याबद्दल आहे. तेच कृत्य अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ही कलमं पाठ असणं वेगळं आणि ऐन वेळी हात आवरणं वेगळं. म्हणून तपासणीही प्रयोगातच व्हावी. विद्यार्थ्याला लेखी परवानगीपत्र द्यावं, त्यात चार यंत्रांचे पत्ते असावेत आणि जाळ्यात पाचवं यंत्र सहज उघडं दिसावं. तो तिथे शिरतो, की थांबून परीक्षकाला विचारतो? या एका निरीक्षणावर नीतीच्या युनिटचे निम्मे गुण ठेवले तरी ते जास्त होणार नाहीत.

पुढच्या प्रकरणांत प्रश्न घडवणं, प्रयोगशाळा, ओरल, स्पर्धा आणि मान्यतेची कागदपत्रं यांचा स्वतंत्रपणे ऊहापोह येईल. त्याआधी एक काम असं आहे, ज्याला निधी लागत नाही आणि विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाटही पाहावी लागत नाही. उत्तरपत्रिका मुदत संपली की रद्दीत जातात. मागे गुण तेवढे उरतात, आणि कोण का चुकलं हे त्यांतून कळत नाही. अंतर्गत परीक्षेचा एखादाच प्रश्न घ्यावा, बिट उलटवण्याचा किंवा ॲलिसच्या ईमेलचा. त्याची वर्गातली सगळी चुकलेली उत्तरं शिक्षकाने एका बैठकीत वाचावीत आणि कुठला गैरसमज किती जणांचा आहे हे नावं न लिहिता टिपून ठेवावं. पुढच्या तुकडीला त्याच विषयाचं पहिलं व्याख्यान देताना तो कागद टेबलावर असावा, आणि विभागाच्या बैठकीत अटेनमेंटच्या तक्त्याशेजारी तोही मांडला जावा.